दारातून बर्फ पाडण्याचा शास्त्रोक्त विधी

साइड-बाय-साइड फ्रिज घेणाऱ्याला थंड भाजीचं कौतुक नसतं. पाहुण्यांसमोर दाराच्या खोबणीत ग्लास टेकवायचा आणि बर्फ खडखडत पडताना त्यांचे चेहरे बघायचे, यासाठी तो हप्ते भरत असतो. साहजिकच डिस्पेन्सर बिघडतो तोही पाहुण्यांसमोर. अशा वेळी घरातल्या कर्त्या पुरुषाने काय करावं, एवढ्यापुरतंच हे मार्गदर्शन आहे.

सर्वप्रथम फ्रिजच्या अंगावर हात ठेवून "कॉम्प्रेसर गेला वाटतं" असं म्हणावं. हे साफ चूक आहे (कॉम्प्रेसर गेला असता तर आइस्क्रीमचं सरबत झालं असतं), पण वजन पडतं. मग पाहुणे सोफ्याकडे वळले की पॅनेलवरचं कुलपाचं चिन्ह बघावं. ते उजळलेलं असेल तर घरातल्या नातवंडाने लॉक लावलंय. बहुतेक मॉडेलांत ते बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की लॉक निघतं. बाहेर येऊन "सेन्सर अडकला होता" असं सांगावं.

लॉक नाही, आतून घुंऽऽ असा आवाज येतोय, पण बर्फ नाही? मग दार उघडून आतल्या बर्फाच्या पेटीत डोकवावं. इथे नव्वद टक्के शूरवीर फसतात. दार उघडं ठेवून डिस्पेन्सरची पट्टी दाबतात, आतला मळसूत्री दांडा फिरत नाही, की लगेच "मोटर जळली!" दार उघडं असताना ती मोटर फिरूच नये म्हणून दाराला स्विच असतो. तो आपलं काम चोख करतोय, त्याला दोष देऊ नये.

खरा गुन्हेगार पेटीतच सापडतो. लाइट तासन्‌तास गेली की बर्फ थोडा वितळतो आणि ती परत आली की तुकडे एकमेकांना घट्ट चिकटून गोठतात. आठ-पंधरा दिवस बर्फ काढलाच नाही तरी हेच. बर्फ पडायच्या वाटेवरची झडप एखाद्या तुकड्याने उघडी राहिली, तर कोकणातली किंवा मुंबईतली दमट हवा आत शिरून ढेकूळ आणखी पक्कं करते. त्यावर लाटणं, बत्ता, स्क्रू-ड्रायव्हर चालवू नये. पेटी दोन्ही हातांनी बाहेर ओढावी, बर्फ सिंकमध्ये ओतावा, पेटी कोमट पाण्याने धुऊन अगदी कोरडी पुसावी. झडपेजवळचा तुकडाही काढावा. बर्फयंत्राला तारेचा दांडा असेल तर तो खाली आहे ना, हेही पाहावं. मटाराच्या पिशवीने तो वर उचलला गेला, तर पेटी भरली असं समजून यंत्र सुट्टीवर जातं.

आता नळाला जोडलेल्या फ्रिजांची गोष्ट. अशा बऱ्याच मॉडेलांना किमान २० पीएसआय, म्हणजे सुमारे १.४ बार दाब लागतो. दहा मीटर उंचीवरून पाणी आलं तर जेमतेम एक बार मिळतो. म्हणजे गच्चीवरच्या टाकीपासून साधारण चार-पाच मजले खाली राहणाऱ्याला बर्फ, आणि जादा पैसे मोजून सर्वांत वरचा फ्लॅट घेणाऱ्याला पोकळ, बारकी चिपाडं. मध्ये आरओ बसवला असेल तर तेवढीही नाहीत. यावर स्वभाव बदलून उपयोग नाही, बूस्टर पंप बसवावा लागतो.

पाणी आत नेणारी नळी गोठली असेल तर हेअर ड्रायर चालतो. पण आधी फ्रिजचा प्लग काढावा, ड्रायर मंद ठेवावा आणि साचलेल्या पाण्यापासून लांब धरावा. प्लास्टिक वाकडं झालं की पुढचा खर्च डिस्पेन्सरचा राहत नाही. एवढ्यानेही जमलं नाही, तर मेकॅनिकला बोलवा, आणि तो आल्यावर कॉम्प्रेसरचं नाव काढू नका.

दुरुस्तीनंतर पेटीत पुरेसा बर्फ साठायला चोवीस तासही लागू शकतात. तोवर पाहुण्यांना माठातल्या पाण्याचं पन्हं द्या.