वाढत्या मापाचे नाना

आमच्या नानांनी आजवर एकाही पोराच्या पायाला बूट घेतलेला नाही. तो पाय पुढं केवढा होणार, त्याला ते बूट घेतात. आज समोर जो पाय आहे तो त्यांच्या लेखी हंगामी नोकर. त्याच्यासाठी कोण पैसे घालवणार?

नाना पाटबंधारे खात्यात होते. धोमच्या कालव्यावर ओव्हरसियर म्हणून उन्हातान्हात हिंडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. धरण बांधताना पाणी जास्तीत जास्त कुठवर चढेल ते ठरवतात आणि त्याच्याही वर काही फूट भिंत कोरडी ठेवतात. त्याला फ्रीबोर्ड म्हणतात. निवृत्त होताना माणसं खात्यातून घड्याळ आणि शाल घेऊन येतात, नानांनी फ्रीबोर्ड आणला. खरं तर तो नोकरीत असल्यापासूनच घरात होता. शाळेच्या चड्डीला फ्रीबोर्ड, शर्टाच्या बाहीला फ्रीबोर्ड, स्वेटरला तर एवढा की आमच्या एका चुलतभावाचं मुंजीतलं स्वेटर त्याच्या साखरपुड्याच्या फोटोत आहे. पण या तत्त्वाचा खरा कस लागायचा तो बुटांवर.

जून लागला की नाना घरातली सगळी शाळकरी पोरं गोळा करून मोती चौकात निघायचे. साताऱ्याचा पाऊस तोवर सुरू झालेला. दुकानात आम्ही ओळीनं बाकावर बसायचो आणि सेल्समन पाय मोजायची ती लोखंडी पट्टी घेऊन यायचा. नाना त्याला हातानंच थांबवायचे.

"मोजताय कशाला? बघताय ना, वाढतं अंग आहे."

"काका, आत्ताचं माप तर बघू."

"आत्ताचं बघून काय करता? बूट आत्ता घालायचाय का? शाळा सोमवारपासून आहे."

त्या दुकानात भाव ठरलेला असायचा, त्यामुळं किमतीवर घासाघीस नव्हती. घासाघीस व्हायची ती नंबरावर. पायाला अकरा नंबर बसत असला की नाना पुढच्या चौदाची मागणी करायचे. सेल्समन सांगायचा, पोरांच्या मापात तेरानंतर पुन्हा एकपासून मोजतात, चौदा नसतो. इथं नानांचा चेहरा कडक व्हायचा. "तेरा झाला की एक? म्हणजे पाय वाढता वाढता लहान झाला?" हिशेबातली अशी गफलत त्यांनी कालव्याच्या मस्टरवर पुष्कळ पकडली होती.

एकदा एका जाणत्या सेल्समननं त्यांना मुळापासून समजावलं. हे नंबर इंग्रजांचे. एका नंबराचा फरक म्हणजे जवाच्या एका दाण्याची लांबी, इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर. पोरांचं माप चार इंचांपासून पुढं धरतात, तेरा दाणे झाले की मोठ्यांची मोजणी नव्यानं सुरू. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जव त्यांचे. आमची पोरं ज्वारी खातात. दोन नंबर पुढचा काढा."

बुटाच्या पुढं किती जागा असावी, याचा जगभर साधा नेम आहे. सगळ्यात लांब बोटाच्या पुढं हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी. (सगळ्यात लांब बोट अंगठाच असतो असं नाही, पुष्कळांचं शेजारचं बोट पुढं डोकावतं.) हा नेम नानांनाही माहीत होता. फक्त ते आपला अंगठा आडवा लावायचे नाहीत, उभा लावायचे. एक पेर पूर्ण मावलं पाहिजे. नानांचं पेर सव्वा इंच भरतं. जवाच्या दाण्यांत ते किती होतं, ते तुम्हीच काढा.

उरलेली जागा भरायला कालचा पेपर असायचा. त्याचे बोळे चवड्यापुढं कोंबून आम्ही शाळेत निघायचो. नाडी करकचून आवळलेली, तरी बूट आपल्या चालीनं आणि आम्ही आमच्या. ढिला बूट चावत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी तो घालून पोवई नाका चढावा. टाच आत वरखाली घासते, फोड येतो. पाय पुढं सरकतो आणि बूट निसटू नये म्हणून बोटं आत मुठीसारखी वळवून चालावं लागतं. त्यात पाऊस. संध्याकाळपर्यंत पेपराचा लगदा व्हायचा आणि शाई मोज्यातून बोटांवर उतरायची. आमच्यातल्या एकाच्या करंगळीवर जिल्हा परिषदेची निवडणूक उलट्या अक्षरांत दोन दिवस राहिली होती.

नानांच्या हिशेबात चूक नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. शाळकरी पोराचा पाय वर्षाला एखाद-दीड नंबर वाढतोच. पाय येत होता, बुटाकडंच येत होता. पण पाय वाढतो तेव्हा बूट गप्प बसून राहत नाही, तो झिजतो. दोघांची गाठ पडायची पुढल्या वर्षी, तळ फाटल्यावर. मधला जो काही पंधरवडा बूट पायात अगदी नेमका बसायचा, तो यायचा मे महिन्यात. आणि मे महिन्यात आम्ही अनवाणी.

एवढं होऊन जो बूट जिवंत राहायचा तो धाकट्याला. वापरलेला बूट पहिल्या मालकाच्या पायाचा साचा होऊन बसलेला असतो, हे डॉक्टर आता सांगतात. आमच्या घरात ते न सांगता दिसायचं. थोरल्याच्या टाचा बाहेरून झिजायच्या, त्यामुळं मधलाही त्याच्यासारखाच फेंगडा चालायचा. शेंडेफळापर्यंत बूट पोचेस्तोवर मागून बघणाऱ्याला तिघांतला कोण चाललाय ते ओळखू येत नसे.

आता नानांच्या घरी सूनबाई आहेत. त्या फिजिओथेरपिस्ट. नातवाच्या बुटासाठी त्या संध्याकाळी दुकानात जातात, कारण दिवसभराच्या चालण्यानं पाय जरा फुगलेला असतो. शाळेचेच मोजे घालून पोराला उभं करतात, बसवून नाही, कारण अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं. दोन्ही पाय मोजतात आणि मोठा भरेल तो धरतात. बुटातला सुकतळा बाहेर काढून त्यावर पोराला उभं करतात, की किती जागा उरते ते उघड दिसतं. वरून बोटानं दाबून बघण्यावर त्यांचा भरवसा नाही, दाबलं की पोरं बोटं आत ओढून घेतात. "दुखत नाही" या जबानीवर तर त्याहून नाही. लहान पायात अजून पुष्कळ कूर्चा असते, ती आवळलेल्या बुटातही मुकाट दबते. शिवाय चालताना लाल दिवे लागणारा बूट समोर असला की कुठलं पोर दुखतं म्हणेल?

नाना हा सगळा विधी गेल्या जूनला काउंटरला टेकून बघत होते. सूनबाईंनी एक नंबर सुद्धा नाही, अर्धाच पुढचा घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून पेपरचं एक जपून ठेवलेलं कात्रण.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी लाखाहून जास्त माणसांची पावलं मोजली. भारतीयांसाठी स्वतःचे नंबर असावेत म्हणून. त्या नंबरांना नाव ठेवलं 'भा'. त्या मोजणीत असं निघालं की आपली पावलं युरोपातल्या लोकांपेक्षा रुंद असतात, बूट मात्र मिळतात चिंचोळे, म्हणून माणसं रुंदीसाठी नाइलाजानं लांब बूट घेतात.

"वाचा," नाना म्हणाले. "लाखभर माणसं. सगळी माझ्यासारखीच घेतात."

"नाना, पुढं वाचलंत का? लांब घेऊ नये, म्हणून तर ते रुंद माप काढतायत. ढिल्या बुटानं इजा होते, असंही लिहिलंय."

"ते खाली आहे. खालचं छापायला जागा उरते म्हणून छापतात." कात्रण घडी होऊन पाकिटात गेलं. जाता जाता त्यातलाच एक आकडा त्यांनी नातवाकडं बघत ऐकवला, की मुलग्यांच्या पायाची वाढ पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत जोरात चालते. नातू सात वर्षांचा. म्हणजे नानांच्या हिशेबात अजून आठ वर्षांचा फ्रीबोर्ड शिल्लक.

सूनबाई वाद घालत नाहीत. त्यांनी सेल्समनला सांगितलं, "आता यांचाही पाय घ्या."

नानांचा पाय आयुष्यात पहिल्यांदा त्या लोखंडी पट्टीवर आला. लहानपणी सातवीपर्यंत अनवाणी चाललेला, बोटं सुटी-सुटी पसरलेली, चवडा हातभर रुंद. नाना चाळीस वर्षं नऊ नंबर घालत आलेले. पट्टीनं सांगितलं सात, पण रुंद. सेल्समननं आतून रुंद चवड्याचा सात नंबर आणला. नानांनी घातला, दोन फेऱ्या मारल्या, थांबले, पुन्हा एक मारली. बूट मुळीच वाजला नाही. नाना खाली बघत राहिले, कुणीतरी बोलायचं थांबलंय तसे.

"कसा वाटतो?" सूनबाईंनी विचारलं.

"बसलाय," नाना म्हणाले. आवाजात तक्रार होती.

मग ते सेल्समनकडं वळले. पोरांच्या बुटांत नंबर वाढला की किंमत वाढते, हा अनुभव त्यांना जुना. "याच्या पुढचा नंबर केवढ्याला?"

"मोठ्यांच्यात तसं नसतं काका. सहापासून अकरापर्यंत सगळ्यांना एकच किंमत."

"एकच?"

"एकच."

नाना पुन्हा बाकावर बसले आणि नाडी सोडायला लागले.

"मग अकरा दाखवा."