पुनरुक्ती सर

गाय दिसली की लोक हात जोडतात. आमचे पुनरुक्ती सर तिच्या मानेची शीर चाचपतात. रक्त हेपरिनच्या नळीत पडलं की गाईशी त्यांचा संबंध संपला. खिलार की डांगी, दूध किती देते, मारकी आहे का, कशाशी देणंघेणं नाही. त्यांची गाय म्हणजे काचपट्टीवर पसरलेली 60 गुणसूत्रं.

त्यातली 58 एका साच्यातून काढल्यासारखी. सेंट्रोमियर, म्हणजे गुणसूत्राचा आवळलेला भाग, टोकाला, आणि शेजारच्या जोडीत लांबीचा फरक जेमतेम. ती जुळवताना भल्याभल्यांचे डोळे जातात. सरांचा सगळा जीव मात्र त्या टोकांवरच्या पुनरावृत्त डीएनएत. तोच तो तुकडा, हजारो वेळा, लागोपाठ. जनुकवाल्यांनी वर्षानुवर्षं याला कचरा म्हटलं. त्या कचऱ्याला जुळणारा, चकाकणारा तुकडा सर गुणसूत्रांवर सोडतात. मग अंधाऱ्या खोलीत टोकाटोकाला ठिपके उजळले, की शिपायालाही हाक जाते, "या, या, बघा!" शिपाई हल्ली दारातूनच सांगतो, "मस्त आलंय, सर."

सरांचे किस्सेही असेच. मोजकेच, पण आवर्तनं अगणित. विद्यार्थ्यांनी त्यांचाही नकाशा करून ठेवलाय. चहा आला की स्वीडन: 1964 साली गुस्तावसन या संशोधकांना तिथल्या जनावरांत 1 आणि 29 क्रमांकाची गुणसूत्रं स्थानांतरण होऊन एकमेकांना चिकटलेली सापडली, जनावर दिसायला ठणठणीत, फक्त गाभण राहण्यात खोट. बिस्किटाबरोबर गोचीड: गाईच्या जीनोमचा सुमारे चौथा हिस्सा ज्या पुनरावृत्त घराण्यानं अडवलाय, त्याचे भाऊबंद सापा-सरड्यांत निघतात, आणि ही सोयरीक बहुधा गोचिडीनं जमवली. कप रिकामा होताना वाय गुणसूत्र: देशी वळूच्या वायचं सेंट्रोमियर टोकाला, जर्सी-होल्स्टीनच्या वायचं आत सरकलेलं. "वशिंड बघून फसाल, वाय बघून नाही!" हे वाक्य पैसे कोण देणार हा प्रश्न निघायच्या नेमकं आधी येतं, आणि सर हात धुवायला उठतात. त्यात आजवर फरक पडलेला नाही.

परवा नव्या मुलीनं आगाऊपणा केला. कँटीनच्या पायरीवरच तिनं स्वीडन सुरू केलं. साल, क्रमांक, ठणठणीत जनावर, सगळं बिनचूक. आम्ही श्वास रोखून सरांकडे बघत होतो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा पुसला.

"तुकडा बरोबर आहे," ते गंभीरपणे म्हणाले, "पण स्थानांतरण झालंय. आधी चहा येऊ दे."