ट्रॅक्टरची घरगुती निगा : तात्यांसह आणि तात्यांविना

द्राक्षबागेच्या दोन ओळींमधून फांदीला धक्का न लावता जाईल इतक्या बेताच्या रुंदीचा, साधारण 15 ते 25 अश्वशक्तीचा जो छोटा ट्रॅक्टर तासगाव, पलूस, निफाड, दिंडोरी या तालुक्यांत वस्तीवस्तीवर उभा असतो, त्याची नियमित निगा मालकाने घरच्या अंगणात कशी राखावी, याचे विवेचन प्रस्तुत प्रकरणात केले आहे. या कामास पान्यांचा संच, ग्रीस गन आणि तात्या अशी तीन साधने लागतात, पैकी पहिली दोन विकत मिळतात. ‘तात्या’ ही संज्ञा वस्तीवरील अशा ज्येष्ठ गृहस्थांसाठी योजली आहे, की ज्यांच्या नावावर ट्रॅक्टर कधीच नव्हता, तथापि बॉनेट उघडल्याचा आवाज ज्यांना दोन बांध ओलांडून ऐकू येतो आणि जे चहाचे आधण ठेवले जाण्याच्या सुमारास नेमके पोहोचतात.

पहिला प्रश्न काळाचा. ट्रॅक्टरचे वय किलोमीटरांत मोजत नाहीत, इंजिन चाललेल्या तासांत मोजतात, आणि ते तास दाखवणाऱ्या तबकडीस अवर मीटर म्हणतात. नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस बहुधा 50 तासांनी होते आणि पुढे अनेक मॉडेलांत दर 250 तासांनी इंजिन ऑइल बदलावे लागते. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो व ती पुस्तिका सातबारा आणि जुन्या लग्नपत्रिका यांच्यामध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडलेल्या अवस्थेत सापडते. अवर मीटरची केबल तुटलेली असल्यास तात्यांची कालगणना चालते. “गेल्या बेदाण्याला बदललंय की ऑइल,” असे ते सांगतात, आणि कोणता बेदाणा हे विचारणे उद्धटपणाचे मानले जाते. व्यवहारतः ही कामे ऑक्टोबरच्या फळछाटणीपूर्वी उरकावीत, कारण छाटणीनंतर ढगाळ हवा आली की डाऊनी रोगाच्या भीतीने फवारणीचा ब्लोअर रोज पहाटे बागेत फिरतो, आणि त्या दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला तर घरातले कोणी कोणाशी धड बोलत नाही.

ऑइल बदलताना ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इंजिन पाच-दहा मिनिटे चालवावे, म्हणजे ऑइल कोमट व पातळ होऊन गाळासकट बाहेर येते. मग इंजिन बंद करून खाली घमेले ठेवावे आणि चेंबरच्या तळाचा ड्रेन प्लग सोडावा. घमेल्याऐवजी स्वयंपाकघरातील परात नेण्याचा मोह मालकाने टाळावा. या विषयावर घरात एकदा झालेली चर्चा पुरेशी असते. नव्या फिल्टरच्या रबरी कडीस स्वच्छ ऑइलचे बोट लावून तो हातानेच आवळावा, पान्याचा जोर लावू नये. मग ड्रेन प्लग पान्याने आवळून नवे ऑइल भरावे. याच टप्प्यावर बारा-तेराचा पाना हवा असतो आणि तो शेजारी गेलेला असतो. तो का जातो, कोण नेतो, आणि नेणाऱ्याला तो स्वतःच्या पायाने परत का आणता येत नाही, यावर कितीही लिहिले तरी थोडेच! असो.

काढलेले ऑइल तात्या अंगठा व तर्जनी यांत चोळतात, हुंगतात आणि “अजून दम हाय यात” असा निर्वाळा देतात. या परीक्षेस शास्त्राधार नाही. डिझेल इंजिनाचे ऑइल काही तासांतच काळे पडते, कारण जळालेल्या इंधनाची काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे. म्हणून काळेपणावरून ते संपले असेही ठरत नाही आणि दमदार आहे असेही ठरत नाही, तास मोजावेच लागतात. मात्र ऑइल दुधी दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजून इंजिन चालू न करता मेकॅनिकला बोलवावे. जुने ऑइल बांधावर किंवा विहिरीच्या कडेला ओतू नये, कॅनमध्ये साठवावे.

यानंतरचा विषय एअर क्लीनरचा असून त्यात तात्यांचा अधिकार निर्विवाद आहे. जुन्या धाटणीच्या एअर क्लीनरमध्ये तळाशी ऑइलची वाटी असते. आत ओढलेली हवा त्या ऑइलवरून वळते, धूळ खाली बसते आणि वरची जाळी उरलेली धूळ अडवते. उन्हाळ्यात रोटाव्हेटर फिरवल्यावर ही वाटी सोडली, तर तळाशी बोटभर घट्ट चिखल निघतो. तात्या तो चिखल काडीने खरवडून फरशीवर ठेवतात, मालकाकडे पाहतात आणि काही बोलत नाहीत. हा चिखल वाटीत बसला नसता, तर लायनर-पिस्टनमध्ये गेला असता आणि इंजिन उतरवण्याची पाळी आली असती, हे त्यांना ठाऊक असते, कारण कोणाकोणाची इंजिने कोणत्या साली उतरली ते त्यांना तोंडपाठ आहे. वाटी डिझेलने धुऊन खुणेपर्यंतच नवे ऑइल भरावे; जास्त भरल्यास इंजिन ते ओढून घेते. धुळीच्या कामात ही पाहणी रोज करावी. रोज म्हणजे रोज.

डिझेल फिल्टर बदलल्यावर नळीत हवा धरते व इंजिन सुरू होत नाही. ती हवा घालवण्यास ‘एअर काढणे’ म्हणतात : फिल्टरवरील स्क्रू सैल करावा, हातपंप मारत राहावा, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की पंप चालू असतानाच स्क्रू आवळावा. हे काम एका माणसाचे आहे. प्रत्यक्षात ते सात जण करतात, त्यांपैकी सहा जण “मार, मार, अजून मार” एवढेच म्हणतात.

बॅटरीत नळाचे पाणी घालू नये. क्लचवर पाय ठेवून बसू नये. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण आतले दाबाखालचे पाणी तोंडावर उडते. रेडिएटरच्या बारीक पत्र्यांत फवारणीचे तुषार आणि पाला अडकून हवा कोंडते, म्हणून बोर्डो किंवा गंधक फवारल्यावर ट्रॅक्टर त्याच दिवशी धुवावा. दसऱ्याला झेंडूचा हार जाळीवर अवश्य घालावा, पण तो दुसऱ्या दिवशी तरी काढावा. रेडिएटरला भक्ती चालते, हवेशिवाय चालत नाही.

पीटीओ, म्हणजे ब्लोअरला किंवा रोटाव्हेटरला फिरवणारा मागचा दांडा, बहुधा मिनिटाला 540 फेरे घेतो. त्यावरील संरक्षक आवरण ‘ग्रीस मारायला आडवं येतं’ म्हणून काढून टाकण्याची रीत आहे. ती रीत मूर्खपणाची आहे. धोतराचा सोगा, पदर, ओढणी, उपरणे यांपैकी काहीही त्यात सापडले, तर माणसाला हाक मारण्याइतकाही वेळ मिळत नाही. ग्रीस इंजिन बंद करूनच मारावे आणि आवरण पुन्हा बसवावे. येथे तात्यांचे काही ऐकू नये.

शेवटी इंजिन सुरू करून ऑइल प्रेशरचा दिवा विझतो की नाही ते पाहावे, न विझल्यास तत्काळ बंद करावे. विझल्यास थोडा वेळ चालवून, बंद करून, प्लगखाली थेंब पडतो का ते तपासावे आणि ऑइलपट्टी पुसून पुन्हा पातळी बघावी. त्यानंतर चाचणीफेरी घ्यावी. रस्त्यावर जाण्यापूर्वी ब्रेकची दोन्ही पेडल कडीने जोडावीत, अन्यथा एकच चाक धरले जाऊन ट्रॅक्टर कलंडू शकतो. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणी बसता कामा नये, म्हणून मडगार्डवर चढलेली पोरे खाली उतरवावीत. तात्यांनाही उतरवावे. आपण बसलेलो नाही, गिअरबॉक्सचा आवाज ऐकतो आहोत, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो मान्य करू नये.