पुण्याची मुंगी, मुक्काम सदर

नागपूरच्या सदरमध्ये दुर्मीळ म्हणावी अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे संध्याकाळी रेसिडेन्सी रोडवर गाडी लावायला जागा. बाकी इथे सगळं मुबलक. दुकानं, हॉर्न, चाटच्या गाड्या आणि न विचारता सल्ला देणारी माणसं. त्यामुळे आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, लिंबाच्या कुंडीत, शास्त्रज्ञांनीही फारशी न अभ्यासलेली मुंगी राहते असं मी जाहीर केलं, तेव्हा घरात कोणी मान वर केली नाही. आई तेवढी म्हणाली, "मुंग्याच आहेत न त्या? खडूची रेघ ओढून दे."

आईचं चुकत नाही. आपल्याला मुंग्या तीनच माहीत असतात : चावणारी लाल, न चावणारी काळी आणि गुळाच्या डब्यावर पहारा देणारा डोंगळा. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठातले हिमेंदर भारती आणि त्यांचे सहकारी यांनी 2016 साली भारतातल्या मुंग्यांची यादी छापली. जाती-उपजाती मिळून तिच्यात 828 नावं भरली. आता उरलेल्या 825 जणींनी आपलं काय घोडं मारलं होतं? काहीच नाही, आणि तीच तर त्यांची अडचण आहे. चावा घेतला, डब्यात शिरली, निदान पोळीवर चढली, तर आपण तिला ओळख देतो. जी निमूटपणे आपलं काम पाहते तिला कोणी विचारत नाही. हा नियम फक्त मुंग्यांना लागू आहे असं माझं म्हणणं नाही.

आमची मुंगी या निमूट जमातीतली. लिंबाचं एक पान कुठल्याशा अळीनं गुंडाळून सोडून दिलं होतं, त्या सुरळीत तिचं अख्खं घराणं राहत होतं. लांबी दोन मिलिमीटरच्या आत. अंग पिवळसर आणि मागचं पोट काळपट. बाकी मुंग्या रांग लावतात तशी ही लावत नाही, एकटीच फिरते. पानाच्या कडेनं चालायचं, थांबायचं, मिशांनी चाचपायचं आणि परत फिरायचं. स्वयंपाकघराकडे तिनं कधी ढुंकूनही पाहिलं नाही. ज्या घरात पाहुणा आला की आधी स्वयंपाकघराकडे बघतो, तिथे हे वागणं मला संशयास्पद वाटलं, म्हणून मी मोबाईलला चिकटवायचं भिंग मागवलं.

मुंगी ओळखायची पद्धत म्हणजे सरकारी कचेरीच्या खिडक्या. प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न, आणि उत्तर दिलं की पुढच्या खिडकीवर रवानगी. कंबरेला गाठ एक की दोन? दोन. मग खिडकी अमुक. मिशीचे सांधे किती, आणि टोकाचे किती जाड? पाठीवर उभे केस आहेत का? मुंगी चालती, भिंग हलतं, आणि पाठीवरचे केस मोजण्याआधी डोक्यावरचे जायची पाळी. चार्ल्स बिंगहॅम नावाचा लष्करी अधिकारी ब्रह्मदेशच्या जंगलखात्यात होता. त्यानं 1903 साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या मुंग्यांवर जाडजूड ग्रंथ काढला. ही खिडक्यांची रांग त्यात आहे. शंभरावर वर्षं झाली, तरी एकही खिडकी 'लंच टाइम' म्हणून बंद नाही, ही त्यातली दिलासा देणारी बाब.

माझी मुंगी एका गोष्टीमुळे सापडली. वरून पाहिलं की कंबरेची पहिली गाठ सडपातळ आणि दुसरी एकदम रुंद, आणि पाठ साफ, तिच्यावर उभा केस एकही नाही. इथे खिडकी संपली आणि फलक आला : कार्डिओकॉन्डिला. ही झाली प्रजाती. जात ठरायची बाकी होती, आणि जात पडताळणी आपल्याकडे कोणाचीच सोपी नसते.

उत्तर शोधता शोधता मी पुण्याला पोहोचलो. रॉबर्ट रॉटन हा मुंबई इलाख्यातला वनाधिकारी. जंगलाचं पाहावं तर हा झाडाखाली बसून मुंग्या गोळा करी आणि स्वित्झर्लंडला ऑग्युस्त फोरेल यांना पाठवी. फोरेल झुरिकच्या मोठ्या मनोरुग्णालयाचे संचालक. दिवसा वेड्यांकडे पाहायचे, उरलेल्या वेळात मुंग्यांकडे. स्विस लोकांना हे इतकं आवडलं की पुढे त्यांनी हजार फ्रँकच्या नोटेवर एका बाजूला फोरेल आणि दुसऱ्या बाजूला मुंग्या छापल्या. रॉटननं पुण्यातून पाठवलेल्या मुंग्यांत फोरेलना पंखच नसलेले नर दिसले. मुंग्यांच्या नरांना एरवी पंख असतात. तेव्हा त्यांनी 1890 साली थेट नवी प्रजातीच उभी केली, तिला कार्लो एमेरी या इटालियन मित्राचं नाव दिलं आणि जातीला रॉटनचं. ती प्रजाती पुढे मोडीत निघाली, जात मात्र टिकली : कार्डिओकॉन्डिला रॉटनिआय. बारशाला इटालियन, स्विस आणि इंग्रज असे तीन देशांचे लोक हजर, आणि बाळ पुण्याचं.

ही माहिती मी पुण्याच्या साडूंना फोनवर सांगितली, ती सांगायला नको होती असं बायकोचं मत आहे. साडू शांतपणे म्हणाले, "म्हणजे आमच्याकडची आहे. तुमच्याकडे आत्ता पोहोचली का?" मी म्हटलं, आमच्याकडे आधीपासून असेल, आम्ही गाजावाजा करत नाही. त्यावर ते हसले. पुण्याचा माणूस हसला की वाद संपत नाही, फक्त तहकूब होतो.

वादात आणखी एक मेख आहे. रॉटनिआयला एक हुबेहूब जुळी आहे, ऑबस्क्युरिअर नावाची. 1929 साली ती तैवानच्या मुंग्यांवरून रॉटनिआयचाच एक प्रकार म्हणून नोंदली गेली. 2003 साली जर्मनीच्या बर्नहार्ड झायफर्ट यांनी अगदी बारीक मापं घेऊन दोघींना वेगळं काढलं, तेव्हा रॉटनिआयच्या नावानं छापलेलं बरंचसं काम जुळीचं होतं असं कळलं. प्रयोगशाळा, शोधनिबंध, 2014 साली जनुकसंच, सगळं वैभव जुळीकडे. नाव मात्र पुण्याकडे, आणि काम दुसऱ्यांचं. हे वाचून मी साडूंना दुसरा फोन केला, कशासाठी ते सांगायला नको.

दोघींतली माझी कुठली, ते भिंगानं ठरत नाही. त्याला चांगला सूक्ष्मदर्शक आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची मापं लागतात. ते मिळेपर्यंत मी पान देठासकट कापलं आणि घराणं टेस्टट्यूबमध्ये वसवलं. तळाला पाणी, त्याच्यावर कापसाचा घट्ट बोळा, म्हणजे ओल मिळते आणि कोणी बुडत नाही. तोंडाला दुसरा बोळा, आणि वर लाल जिलेटीनचा कागद, कारण लाल उजेड मुंग्यांना जवळजवळ दिसत नाही. जेवणात टाचणीच्या टोकाएवढा मध आणि संत्र्याच्या सालीवर जमणारी चिलटं. नागपुरात चिलटांची टंचाई भासेल तो दिवस कलियुगाचा शेवटचा.

खरी परीक्षा मे महिन्याची. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की घरातली सगळी माणसं एकाच कूलरसमोर येतात, आणि तिथली सर्वांत गार जागा मी टेस्टट्यूबला दिली. "अहो, तुळस वाळून राहिली, अन् तुम्ही मुंग्यांना हवा घालून राहिले!" बायको म्हणाली. मी तिला सांगितलं, या घरात राण्या अनेक असतात आणि भांडत नाहीत. तिनं आईकडे पाहिलं, आईनं तिच्याकडे पाहिलं, आणि मी विषय बदलला.

मुक्ताबाईंची मुंगी आकाशात उडाली असेल, आमच्या मुंग्यांत लग्नं घरच्या घरीच लागतात. वरातीसाठी उडायची गरज बहुधा पडत नाही. बिनपंखी नरांचे जबडे विळ्याच्या आकाराचे असतात, आणि नुकता बाहेर पडलेला, अंग अजून मऊ असलेला दुसरा नर दिसला की जुना त्याला धरतो. एकदा मी भिंगातून हे पाहिलं. जुन्यानं नव्याची मान धरली, नवा पाय झाडत राहिला, आणि आजूबाजूच्या कामकरी मुंग्या काय चाललंय ते चाचपून गेल्या. जुळ्या बहिणीवरच्या प्रयोगांतून पुढची हकिगत कळते : जुना नर प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला आपल्या पोटातला स्राव फासतो, आणि तो वास आला की कामकरी मुंग्याच त्याला परका समजून मारतात. स्वतःचे हात स्वच्छ. प्रतिस्पर्ध्याला काळं फासायचं आणि जनतेनं त्याला संपवायचं, ही पद्धत दोन मिलिमीटरच्या मुंगीला सुचते. आपण तिला निवडणूक प्रचार म्हणतो आणि त्यासाठी खर्च करतो.

दरम्यान 2025 सालची एक बातमी बायकोनं वाचून दाखवली. केनियात दोन बेल्जियन तरुण सुमारे 5000 मुंग्यांसह पकडले गेले. त्यात राण्या होत्या, टेस्टट्यूबमध्ये कापूस घालून भरलेल्या, परदेशी हौशींना विकायला, असा आरोप होता. न्यायालयानं एक वर्षाची कैद नाही तर दहा लाख शिलिंग दंड, अशी शिक्षा दिली. वर्तमानपत्र खाली ठेवून तिनं कूलरसमोरच्या टेस्टट्यूबकडे पाहिलं. "पोलीस आले तर मी ओळखत नाही तुम्हाला."

तिची काळजी अनाठायी आहे, पण बातमीतला धडा खरा आहे. दूरदेशची मुंगी मागवू नये आणि आपली पाठवू नये. कार्डिओकॉन्डिलाच्या काही जाती कुंड्यांमधून जगभर आधीच पोहोचल्या आहेत. त्यांना आपल्या टपालाची गरज नाही. पाळायची तर आपल्या गॅलरीतली पाळावी, आणि पाहून झालं की त्याच कुंडीत परत सोडावी.

या हौसेला खरा खर्च लागतो तो एका चिठ्ठीचा. घरात मेलेली अनोळखी मुंगी सापडली, तर झाडूनं लोटण्याआधी स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाका आणि शिसपेन्सिलीनं लिहिलेला कागद आत घाला. शाई स्पिरिटमध्ये विरघळते, पेन्सिल राहते. तारीख, गाव, कुठल्या झाडावर, किती उंचीवर, आणि गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसेल तर जगातली सर्वांत दुर्मीळ मुंगीही तज्ज्ञाच्या दृष्टीनं जवळपास निरुपयोगी असते, आणि चिठ्ठी असेल तर सदरच्या गॅलरीतली मुंगीही पुराव्यात धरली जाते. नावापुढे पुणे असो की नागपूर, आधी तारीख लिहा.