कानसेनाच्या हाती गज

कानसेन ही महाराष्ट्रात ज्याची त्याने घ्यायची पदवी आहे. प्रस्तुत लेखकाने ती तरुणपणीच घेतली आणि पुढे निगुतीने सांभाळली. त्याला फार काही लागत नाही. 'सवाई'च्या मंडपात गाणाऱ्याचा निषाद जरा उतरला की शेजारच्याकडे पाहून भुवई उडवायची. डी. के. दातारांचं नाव निघालं की 'गायकी अंग' एवढंच पुटपुटायचं. व्ही. जी. जोग आणि बिस्मिल्ला खाँ यांच्या जुगलबंदीचा विषय आला तर तेवढंही बोलायचं नाही, नुसते डोळे मिटायचे.

निवृत्तीनंतर याच माणसाने व्हायोलिन विकत घेतलं. निवड विचारपूर्वक होती. पेटीला पट्ट्या असतात, सतारीला पडदे. सूर कुठे आहे ते वाद्यच सांगतं. व्हायोलिनवर बोटांखाली नुसतं काळं, गुळगुळीत लाकूड. बोट केसभर सरकलं की सूर हलला. 'ज्याला कान आहे त्याला पडदे कशाला?' असं तो दुकानात चारचौघांदेखत म्हणालाही. दुकानदाराने हे वाक्य पूर्वीही ऐकलं असावं. त्याने निमूटपणे राळेची डबी पिशवीत टाकली.

घरी शिकवायला येते ती मुलगी पंचविशीची आहे. ती त्याला 'काका' म्हणते आणि अजिबात वचकत नाही. काकांचा बेत थेट भीमपलासाला हात घालण्याचा होता. तोही उभं राहून, व्हायोलिन हनुवटीखाली धरून, उरलेले केस उडावेत म्हणून पंख्याखाली. तिने त्याला सतरंजीवर बसवलं, व्हायोलिनचं टोक उजव्या घोट्यावर टेकवलं आणि सांगितलं, "डावा हात सध्या नको. मोकळ्या तारेवर लांब गज ओढा, घोडीला समांतर."

"किती दिवस?"

"आवाज येईपर्यंत, काका."

आवाज येत होता. तक्रार त्याचीच होती. मांजराचा विनोद इमारतीतल्या प्रत्येक मजल्याने स्वतंत्रपणे केला आणि तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला याची प्रत्येकाला खात्री होती. पत्नीने विनोद केला नाही. ती रियाजाच्या वेळेला कुकर लावू लागली.

ही किरकिर होते कशी, याची मात्र लेखकाने कसून माहिती काढली. वाजवण्यापेक्षा ते सोपं होतं. गज म्हणजे घोड्याच्या शेपटीचे केस. राळेमुळे ते तारेला चिकटतात, तिला ओढतात, ती निसटते, पुन्हा चिकटते. तार 440 कंपनांवर लावलेली असेल तर हे सेकंदाला 440 वेळा बिनबोभाट घडावं लागतं. दाब कमी पडला की तार शिट्टी मारते, जास्त झाला की खरखरते. सी. व्ही. रामन यांनी कलकत्त्यात व्हायोलिन वाजवणारं यंत्रच बनवलं आणि 1920 मध्ये त्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. गज किती दाबावा लागतो, हे त्यांना मोजायचं होतं. त्या यंत्रात गज जागच्या जागी असे आणि व्हायोलिन मागेपुढे सरके. लेखकाने हे सगळं जेवताना सांगितलं.

"म्हणजे माणसाच्या हातावर त्यांचाही भरवसा नव्हता," पत्नी म्हणाली आणि तिने भाजी वाढली.

खरा छळ कानाने केला. दुसऱ्यांचा निषाद पकडण्यात हयात गेलेला तो कान घरच्याच माणसावर उलटला. शुद्ध गंधार कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक, बोटाला गंधवार्ता नाही. फोनमधल्या ट्यूनरचा काटा काही केल्या हिरवा होईना, तेव्हा लेखकाने ट्यूनरशीच वाद घातला: आपला गंधार पाश्चात्त्य पेटीच्या गंधारापेक्षा जरा उतरलेलाच असतो, वगैरे. मुद्दा खरा होता. त्याचा गंधार दोन्ही परंपरांच्या बाहेरचा होता. शेवटी बाईंनी पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे कापून त्या काळ्या लाकडावर ओळीने लावले. कानसेनाला पडदे बसले.

इथून गोव्याला जायला हवं. लेखक हल्ली कुठल्याही विषयावरून तिथेच जातो. पोर्तुगीज अमलात गावोगावच्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. ती मुलं पुढे पोटासाठी मुंबईला आली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. शंकर-जयकिशन यांच्या कित्येक गाण्यांचं वाद्यसंयोजन सेबॅस्टियन डिसूझांचं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. आपले राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र बांधून त्यांनी 1958 मध्ये मुंबईत कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पुढे ते अमेरिकेला गेले, परतले आणि गावी निवांत राहिले. 1977 मध्ये 'अमर अकबर अँथनी'त अमिताभने भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगितलं, ते प्यारेलाल यांनी गुरूला केलेलं वंदन होतं. देशाला नाव पाठ झालं. त्या नावाचा खराखुरा माणूस होता, हे अनेकांना 2012 मध्ये तो गेल्यावर कळलं.

मराठीत प्रभाकर जोगांचं नाव तरी झालं. 'गाणारं व्हायोलिन' म्हणून लोक त्यांना ओळखू लागले. बाकीच्यांचं काय? तबकडीवर गायक, गीतकार, संगीतकार छापले जात. जागा अपुरी होती म्हणावं, तर एचएमव्हीच्या कुत्र्याला ती पुरली. कडव्यांमधल्या त्या सगळ्या वादनाला आपण 'मधलं म्युझिक' म्हणून मोकळे होतो. लेखक तर आयुष्यभर तेवढ्या वेळात चहाचं आधण ठेवून यायचा. एकच षड्ज गजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थरथरता नेताना आता मनगट भरून येतं, आणि मग एक राग येतो. भैरव-तोडीसारखा नव्हे, साधा, घरगुती राग. रांगेने बसून एकाच वेळी तो सूर लावणारे ते सगळे कोण होते, हे कुणी लिहून का ठेवलं नाही?

या रागाचा त्रास आता घरच्यांना आहे. गाडीत जुनी गाणी चालू असतात. मागच्या सीटवर मेहुणी मुलाच्या ॲडमिशनची हकीकत अगदी रंगात आणते. इतक्यात कडवं संपतं आणि पुढच्या सीटवरून एक हात वर येतो. सगळे गप्प. व्हायोलिनं चढत जातात, मध्येच बासरी डोकावते, पुन्हा व्हायोलिनं. मग लताबाई पुढचं कडवं उचलतात.

"हं," हात खाली येतो, "आता बोला."