गल्लीतल्या बेससम्राटांस,

प्रिय भाऊ,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. गाडीचा नंबरही नाही, कारण नंबरप्लेट इतकी थरथरते की तो वाचताच येत नाही. पण आमच्या चिखलीत तुम्हाला ओळखायला नाव लागतं कुठे? तिकडे भेंडवळला अक्षय तृतीयेच्या घटमांडणीवरून वर्षाच्या पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. आमच्या घरची मांडणी ताटवाट्यांची, आणि तिचं भाकीत रोजचं. रात्री साडेनऊला वरच्या फळीवरची ताटं किणकिणली की तीन मिनिटांत तुमची पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाशी. आजवर एकदाही चुकलेलं नाही.

आवाज मोठा आहे म्हणून हे पत्र लिहितोय, असं समजू नका. मी चाळीस वर्षं रेडिओ आणि लाउडस्पीकरचे अँप दुरुस्त केले. मोठ्या आवाजावरच माझ्या घरची चूल पेटली. माझं दुःख वेगळं आहे. भाऊ, तुमच्याकडे बेस नाहीच.

परवा पानटपरीसमोर तुम्ही दोस्तांना डिकी उघडून दाखवत होता, तेव्हा मी मागे चष्मा पुसत उभा होतो. बारा इंची दोन सबवूफर, भोवती निळे दिवे, प्रत्येकावर सोनेरी अक्षरांत ‘मॅक्स 1,800 वॅट’. आणि खाली मुंगीच्या अक्षरांत ‘आरएमएस 350’. मॅक्स म्हणजे स्थळ दाखवताना केलेलं मुलाचं वर्णन. आरएमएस म्हणजे लग्नानंतर कळतं ते. दोघांचे मिळून 700 वॅट झाले. त्यांना पोसायला तुम्ही जो अँप ठेवलाय, तो 2 ओहमला 500 देतो, असं त्याच्याच पाठीवर लिहिलेलं आहे. पंगत 700 ची आणि आचारी 500 चा. तरी हेही चाललं असतं. कमी ताकदीचा अँप कमी वाजतो, एवढंच.

पण तुमच्या मिस्त्रीची खरी कमाल जोडणीत आहे. प्रत्येक सबमध्ये 4 ओहमच्या दोन कॉइल, म्हणजे एकूण चार. त्याने चारही समांतर जोडून टाकल्या. भार उतरून 1 ओहमवर आला, आणि अँपवर तर स्पष्ट बजावलंय की 2 च्या खाली जाऊ नका. बिचाऱ्याला वाटतं, शॉर्ट झालं. तो तापतो, लाल दिवा लावतो आणि गप्प बसतो. तुमच्या मैफलीत अधूनमधून जी शांतता पसरते, ती त्या लाल दिव्याची. गल्लीतल्या म्हाताऱ्या तेव्हा हात जोडून वर बघतात. त्यांना ‘प्रोटेक्शन सर्किट’ हा शब्द मी अजून शिकवलेला नाही.

खरं तर प्रत्येक सबच्या दोन कॉइल एकामागे एक, सिरीजमध्ये जोडायच्या, म्हणजे 8 ओहम होतात. मग दोन सब समांतर, की झाले 4. अँप निवांत. त्याची ताकद 500 वरून निम्म्याच्या आसपास येईल हे खरं, पण ताकद निम्मी झाली तर आवाज उतरतो जेमतेम 3 डेसिबल. कानाला दुप्पट वाटावं म्हणून साधारण दहापट वॅट लागतात. हे गणित दुकानदाराने सांगितलं असतं, तर सोयाबीनचे पैसे हातात येतात त्या दिवसांत त्याच्याकडे कोण फिरकलं असतं? 700 हवेच असतील तर 4 ओहमला 700 आरएमएस देणारा अँप घ्या, नाहीतर 1 ओहम सोसणारा. घेताना ‘किती वॅट’ एवढंच विचारू नका, ‘किती ओहमला’ हेही विचारा.

आमच्या काळी व्हॉल्व्हच्या रेडिओत हेच दुखणं होतं. व्हॉल्व्हला हजारो ओहमचा भार हवा आणि स्पीकर तीन-चार ओहमचा. मग मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवून दोघांची सोयरीक जुळवायची. ती जुळली की नागपूर केंद्राच्या बातम्या अख्ख्या ओसरीला ऐकू जायच्या, तेही मोजक्या वॅटांत.

आता तुमच्या गेनबद्दल. भाऊ, ती आवाजाची चावी नव्हे. डेककडून येणाऱ्या व्होल्टेजशी अँपचं माप जुळवायला ती दिलेली असते. तुम्ही ती पार उजवीकडे पिळून ठेवलीत. त्यामुळे लाटेचे शेंडे छाटले जातात, गोल लाट चौकोनी होते आणि कॉइल तव्यासारखी तापते. तुम्ही ज्यावर माना डोलावता ते बेसचं शिर उडवल्यावर उरलेलं धड आहे.

बॅटरीची तर मला दयाच येते. खरे 700 वॅट काढायचे तर अँपची स्वतःची नासाडी धरून साठ-पासष्ट अँपिअर ओढले जातात. लहान गाडीचा अल्टरनेटर आणि त्यात एसी, म्हणून तुमचे हेडलाइट प्रत्येक ठोक्याला डोळे मिचकावतात. पोरांना वाटतं, मुद्दाम बसवलेत. वायरही वरून तांब्याची आणि आतून ॲल्युमिनियमची दिसली. फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवा. तुम्ही बॉनेट उघडलं नाहीत, म्हणून तेवढा एक भ्रम मी राखून ठेवलाय. फ्यूज नसेल आणि वायर कुठे घासली, तर पुढचा कार्यक्रम उजेडाचा होईल.

कायद्याचं मात्र तुम्हाला भय नको. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा घालतात. पण हे माप ‘ए’ फिल्टरमधून घेतलं जातं आणि तो 50 हर्ट्झच्या सुराला तब्बल 30 डेसिबल सूट देतो. म्हणजे तुमचा अर्धा पराक्रम मीटरला ऐकूच जात नाही. माझ्या आईला जातो. 50 हर्ट्झची एक लाट सुमारे सात मीटर लांब असते. तिच्यापुढे आमची विटांची भिंत म्हणजे नुसता पडदा, आणि पलीकडे आईची खाट.

इथवर लिहून पत्र बायकोला वाचायला दिलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “अन् त्यानं खरंच असं जोडून घेतलं त?”

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चार ओहम झाले तर लाल दिवा लागायचा नाही. मग मधली ती शांतताही गेली. म्हाताऱ्यांना मी काय सांगू?

मात्र काल रात्री तुमची गाडी पुढे गेली आणि मागे गल्लीत जळक्या वार्निशाचा वास रेंगाळत राहिला. कॉइल जायला टेकली की येतो तो वास. चाळीस वर्षांत मी तो कधी चुकीचा ओळखलेला नाही. म्हणून संपादकांना विनंती केली आहे की हे पत्र छापायला आठ-दहा दिवस लावलेत तरी माझी हरकत नाही.

तुमचा,
मांडणीवाला शेजारी