मुंबईदाखवे

मसाल्याच्या पाकिटातलं कूपन भरून सांगलीच्या एखाद्या गृहस्थाला मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलात 'दोन रात्री, तीन दिवस' असं बक्षीस लागलं, की सगळे त्याचं अभिनंदन करतात. माझ्या मते पेढे मागायला जायला हवं ते त्याच्या डोंबिवलीच्या साडूकडे. कारण असं बक्षीस कधीच एकट्याला लागत नाही. अटी वाचा, म्हणजे पटेल. खोली फक्त जोडप्याला, फुकट तो सकाळचा नाश्ता, बाकीचं जेवण आणि प्रवास ज्याचा त्यानं पाहायचा. खोली शुक्रवारी दुपारी दोनला मिळते आणि रविवारी बाराला सोडायची असते, म्हणजे तीन दिवसांचे तास भरतात 46. वर 10,000 रुपयांपुढच्या बक्षिसावर 30 टक्के आयकर. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल आणि कंपनी तो कर सोसणार नसेल, तर विजेत्यानं आधी खिशात हात घालायचा. एवढं झाल्यावर दोन मुलं, एक आई आणि चार जादा पिशव्या उरतातच. त्यांच्यासाठी डोंबिवलीला फोन जातो आणि आपल्या नायकाचा प्रवेश होतो. या जातीच्या माणसाला मी मुंबईदाखवे म्हणतो.

मुंबईदाखवे मुंबईत राहत नाही, हे त्याचं पहिलं लक्षण. तो राहतो ठाणे जिल्ह्यात, कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत; पण गावाकडे 'आम्ही मुंबईला असतो' यापलीकडे भूगोल सांगायची पद्धत नाही. तो दाखवतो ती मुंबईही त्याच्या घरापासून लोकलनं तासाभराहून लांब असते. गेटवे, मरीन ड्राइव्ह, म्हातारीचा बूट, हाजी अली, सिद्धिविनायक हा क्रम वर्षानुवर्षं ठरलेला. या ठिकाणी तो एरवी चुकूनही जात नाही. ऑफिसच्या खिडकीतून समुद्र दिसत असला तरी त्याच्या काठावर बसायला त्याला पाहुणाच लागतो. पाहुण्याला मुंबई दाखवणं हा वरवरचा उद्देश. आपण मुंबईकर आहोत याची एका साक्षीदारासमोर नोंद करून घेणं हा खरा. म्हणून तो डोंबिवली कधी दाखवत नाही. फडके रोडवर मुंबईकर असल्याचं सिद्ध होत नाही ना!

आता, ही सगळी मुंबई तो बाहेरून दाखवतो. 'हे ताज,' असं म्हणताना त्याचं बोट लांब होतं, पाय पुढे जात नाही. बोटाबरोबर इतिहासही येतो. ताज चुकून उलटं बांधलं गेलं आणि त्या धक्क्यानं गोऱ्या वास्तुविशारदानं जीव दिला, ही दंतकथा तो डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतो. त्या इमारतीचं मूळ काम सीताराम खंडेराव वैद्य नावाच्या मराठी माणसाकडे होतं आणि त्यांच्या निधनानंतर चेंबर्स या इंग्रजानं ते पुरं केलं, हे मात्र त्याच्या गावी नसतं. असतं तर त्यानं छाती फुगवून तेच सांगितलं असतं. गेटवेसमोर छान जागा बघून ताज बांधलं, असंही तो ठोकून देतो. ताज 1903 चं, गेटवे 1924 चा; पण पाहुणा सांगलीचा आहे तोवर कोण विचारतंय?

बक्षीसवाला साडू नेमकी इथेच पंचाईत करतो. मुंबईकरानं दाखवायचं आणि गाववाल्यानं आ वासून बघायचं, हा जुना करार तो मोडतो, कारण ज्या दारांकडे मुंबईदाखवे नुसतं बोट करत आला त्यांपैकी एका दारातून हा आत जाऊन झोपून येणार असतो. यावर मुंबईदाखवे काय करतो ते बघण्यासारखं आहे. तो हॉटेलाशी स्पर्धा मांडतो. तिथल्या नाश्त्यात चाळीस पदार्थ असतील तर 'पण तुमच्या ताईच्या हातच्या पोह्यांची सर आहे का?' असं विचारतो. तिथल्या चहाची किंमत ऐकून स्वतःच भरल्यासारखा कळवळतो. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असला तर विचारूच नका. अकरा ते चार कोणती गाडी कुठून वळवली, कुठे थांबणार नाही, डब्यात कुठल्या दाराशी उभं राहायचं, हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर सेनापतीचं तेज चढतं. पंचतारांकित खोलीत रेल्वेचं हे ज्ञान मिळत नाही. घारापुरी सोमवारी बंद आणि राणीची बाग बुधवारी बंद, हे तर तो शनिवारीसुद्धा बजावतो.

हा निव्वळ मत्सर आहे, असं कोणी म्हणेल. तसा तो थोडा असतोच. साडू-साडूंच्यात तो नसेल तर नातं पक्कं झालं नाही असंच समजतात. पण नुसत्या मत्सरापोटी कोणी शुक्रवारची रजा टाकत नाही, दुसऱ्याच्या आईला धरून पुलाच्या पायऱ्या चढवत नाही आणि टॅक्सीचे पैसे देण्यासाठी भर रस्त्यात मनगट धरून झटापट करत नाही. दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा: मोबाइलमध्ये नकाशा आहे, गाड्यांची वेळापत्रकं आहेत, मग हा मनुष्य हवा कशाला? रस्ता दाखवायला नको, कबूल. पण मोबाइलला हेवा वाटत नाही. 'अंथरुणात बसून समुद्र दिसतो' हे वाक्य ऐकून ज्याचा चेहरा जरासा उतरेल असा माणूस या शहरात नसेल, तर त्या समुद्राचं सांगलीकरानं करायचं काय? त्यालाही साक्षीदार लागतो. दोघं एकमेकांची ही गरज भागवतात, आणि गंमत म्हणजे दोघांनाही वाटतं की उपकार आपणच करतोय.

तिसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. या सगळ्या साक्षीपुराव्यात पोळ्या कोण लाटतं? मुंबईदाखवे मुंबई दाखवत हिंडतो तेव्हा त्याची बायको आठ माणसांचा स्वयंपाक, गाद्यांचा हिशोब आणि अंघोळीचा क्रम सांभाळत घरी असते. स्पर्धेला लावलेले पोहे तिचे असतात, बढाई त्याची. म्हातारीचा बूट तिनं शेवटचा कधी पाहिला हे कोणी विचारत नाही, आणि बहिणीची हॉटेलातली खोली बघायला चल म्हटलं तर 'मुलांना कोण बघणार?' हा प्रश्नही तिच्याच वाट्याला येतो. बक्षिसाच्या बारीक अटींत हे कलम छापत नाहीत.

आणि समजा, उद्या याच बक्षिसाचं कूपन खुद्द मुंबईदाखव्याला लागलं तर? दोन रात्री, तीन दिवस, समुद्राकडची खोली. तो आधी खूश होईल, मग अस्वस्थ. आत राहायचं म्हणजे बोट कुणाकडे करायचं? दुसऱ्या दिवशी तो कंपनीच्या ऑफिसात फोन लावेल आणि बक्षीस सांगलीच्या साडूच्या नावावर करता येईल का, याची चौकशी करेल. चालत नाही म्हणाले, तर साडूला तरी बोलावून घेईल.